शुद्ध लिहिणारा

१

सकाळचे सात वाजून गेले तरी शेरडं कोंडलेलीच होती आणि एकसारखी ओरडत होती. पोरगी अजून उठली न्हाई का काय, म्हणून तिच्या आईनं, रतनबाईनं, गोठ्याचं फाटक ढकललं. ऋतुजा वैरणीच्या ढिगाला टेकून पडली होती. तोंडाला फेस, शेजारी गोचिडाच्या औषधाची रिकामी बाटली, आणि मुठीत फोन.

कपिलधारच्या डोंगराकडची ती वस्ती. घरं सगळी मिळून अकरा. शेजाऱ्याच्या जीपमधून पोरीला बीडला नेलं, तिथून अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, जगेल. पण शुद्धीवर आलेली ऋतुजा कुणाशी एक शब्द बोलेना.

वीस वर्षांची ही पोरगी दोन वर्षांपासून शेरडं राखता राखता फोनसमोर बोलायची. करडाला हगवण लागली तर काय द्यावं, बाजारात बोकडाचं वजन कसं मारतात, गायरानावर कुणी तार ओढली. ऐंशी हजार माणसं तिचं ऐकायची. त्यातली निम्मी खाली येऊन शिव्या घालायची. तिच्या अंगाबद्दल, आईबद्दल, परकराबद्दल, जे जे माणूस तोंडावर बोलू धजत नाही ते सगळं तिथं लिहिलेलं असायचं. ऋतुजा ते वाचायची आणि हसायची.

आणि त्या सकाळी तिच्या मुठीतल्या फोनवर जी कमेंट उघडी होती, तिच्यात एकही शिवी नव्हती. आदल्या संध्याकाळी पडलेली, एवढीच:

‘पाठ चुकली आता बोलावून येणार नाही’

दोन वर्षं गटारगंगा पचवलेली पोरगी या सहा शब्दांपायी मरायला का निघाली, हे कुणालाच सांगता येईना. पोलिसांना मात्र ते सांगायची गरजही वाटली नाही. त्यांना माणूस सापडला होता.

२

सुंदरराव बीडच्या एका दैनिकात चौतीस वर्षं मुद्रितशोधक होते. दुसऱ्याच्या चुका काढायच्या आणि त्याबद्दल कुणाचं प्रेम मिळवायचं नाही, असा तो धंदा. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी लग्नपत्रिका हातात आली की त्यांची नजर आधी वेलांट्यांवर जायची.

तेजश्री ही त्यांच्या थोरल्या भावाची लेक, पोलीस ठाण्यात फौजदार. ती एका दुपारी कागदांचा गठ्ठा घेऊन आली. ऋतुजाच्या व्हिडिओंखालच्या कमेंटा छापून काढल्या होत्या, एकशे चाळीस पानं.

“काका, दोन ओळींचं काम आहे,” ती म्हणाली. “‘स्पष्ठवक्ता’ या नावाचं खातं आहे. दिवाळीपासून त्यानं पोरीचा पिच्छा पुरवलाय. शेवटची कमेंटही त्याचीच. खातं सुग्रीव सरांच्या नंबरावर उघडलेलं आहे. गावच्या हायस्कूलचे मास्तर. ग्रामसभेत ऋतुजाला सगळ्यांसमोर बोलले होते, असल्या पोरींनी गावाची अब्रू वेशीला टांगली म्हणून. ताब्यात घेतलंय. आता बघा, ‘पाठ चुकली’ लिहितो. मास्तरच की! ही भाषा शिक्षकाचीच आहे, एवढं तुम्ही लिहून द्या.”

सुंदररावांनी चष्मा लावला. तेजश्रीनं त्या खात्याच्या कमेंटांवर पिवळी रेघ मारली होती.

‘शहर सोडून फोन धरलास तेव्हाच घर बुडालं’

‘तू गाऊन बापाला खाली बघायला लावतेस’

‘जन्मलीस तेव्हा विहीर जवळच होती’

तिसरीपाशी त्यांचं बोट ‘विहीर’ या शब्दावर थांबलं. मग वर खात्याच्या नावावर गेलं. मग परत खाली.

“तेजू, हे नाव कुणी ठेवलं खात्याला?”

“सरांनीच. ते त्यांनी कबूल केलंय.”

“‘स्पष्ठ’ न्हाई गं, ‘स्पष्ट’. ज्याला स्वतःचं नाव धड लिहिता येत न्हाई, त्याची विहीर दीर्घ कशी? ‘खाली’ची दुसरी वेलांटी बरोबर, ‘जन्मलीस’ बरोबर, ‘गाऊन’चा ऊ बरोबर. दिवाळीपासूनच्या सत्तावीस कमेंटा आणि शुद्धलेखनाची एक चूक न्हाई. आमच्या संपादकांनाबी हे जमत नव्हतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे हे मास्तरनं लिहिलेलं न्हाई.”

तेजश्रीनं कपाळाला हात लावला. “काका, मास्तरचा फोटो कालच सगळीकडं फिरलाय. लोकांनी त्यांच्या दाराला शेण फासलं. आता तुम्ही म्हणता ते नव्हेच?”

३

ठाण्याच्या मागच्या खोलीत सुग्रीव सर बाकड्यावर बसले होते. पन्नाशीचा गृहस्थ, तीन दिवसांत सत्तरीचा दिसायला लागला होता. सुंदररावांनी त्यांच्यापुढं कोरा कागद ठेवला.

“सर, मी सांगतो ते लिहा. ‘दूर एक विहीर होती आणि तिथं निर्लज्ज माणूस राहत होता.’”

सरांनी लिहिलं. दूर ऱ्हस्व, विहीर ऱ्हस्व, निर्लज्जातला एक ज गायब.

“विषय कोणता शिकवता?”

“गणित,” सर खालमानेनं म्हणाले.

“खातं तुमचंच ना?”

“माझंच होतं. खोटं कशाला बोलू? चार वर्षांमागं उघडलं. खोटं नाव घेतलं की माणसाला हात मोकळे झाल्यासारखं वाटतं. पुढाऱ्यांना शिव्या दिल्या, एका बाई कीर्तनकारालाही दिल्या. ते सगळं माझं. पण दोन वर्षांमागं फोन विकला, त्याच्यानंतरचं एक अक्षर माझं न्हाई.”

“कुणाला विकला?”

“बसस्टँडजवळ जुन्या फोनची टपरी होती. पावती नाही, टपरीही आता नाही. आतलं खातं पुसायचं असतं हे मला काय ठाऊक? नव्या फोनवर मी ते उघडलंच नाही.” सरांचा आवाज फाटला. “साहेब, माझ्या बायकोचा फोटो लावून लोक काय काय लिहायलेत, वाचलंत का तुम्ही? पोरगी शाळेत जाईना. मी ग्रामसभेत बोललो, चूक झाली. पण त्या पोरीला मर म्हणालो नाही हो.”

सुंदररावांनी त्या खात्याच्या जुन्या कमेंटा तेजश्रीकडून मागवून वाचल्या. सरांचं म्हणणं खरं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या कमेंटांत जागोजागी चुका आणि दर वाक्यामागं तीन तीन उद्गारचिन्हं. मग सव्वा वर्ष काहीच नाही. आणि गेल्या दिवाळीनंतरच्या आठवड्यापासून एकदम निर्दोष मराठी, आणि पूर्णविराम म्हणून औषधालाही नाही.

एकाच नावाखाली दोन माणसं होती. त्यातला दुसरा शुद्ध लिहिणारा होता, पण विरामचिन्ह त्याला माहीतच नव्हतं. असा माणूस सुंदररावांनी चौतीस वर्षांत पाहिला नव्हता.

४

आरोही ही ऋतुजाची कॉलेजातली मैत्रीण. आधी दोघी मिळून व्हिडिओ करायच्या, मग घरच्यांनी आरोहीला बंदी केली आणि दोघींचं बोलणं तुटलं. तेजश्रीच्या यादीत तिचंही नाव होतं. सुंदररावांनी तिला तिच्या घराच्या ओसरीवर गाठलं, आई दारात उभी.

“मी कशाला लिहू काका?” आरोही म्हणाली. “मला तर तिचा हेवा वाटायचा. घाण घाण कमेंटा मोठ्यानं वाचून हसायची ती. म्हणायची, ह्याला आई न्हाई वाटतं, ह्याला पोलीस भरतीत घेतलं न्हाई वाटतं.”

“गाणं म्हणायची का व्हिडिओत?”

“ऋतुजा? तिचा आवाज फाटका. एकदाबी न्हाई म्हणली.”

“शहरात होती का कधी? शिकायला, मामाकडं?”

“न्हाई. जन्म वस्तीवरच.”

सुंदररावांनी वहीत दोन शब्द लिहिले. गाऊन. शहर. मग विचारलं, “दिवाळीच्या सुमाराला काय झालं होतं?”

“तिचा सगळ्यात मोठा व्हिडिओ दिवाळीआधी आला. पाच लाख लोकांनी पाहिला. त्यात म्हणाली, आमच्या आबाला सही येत न्हाई, अंगठा देतो, पण शेरडाच्या कानाला हात लावून ताप सांगतो, असला डॉक्टर दाखवा मला. चांगलंच बोलली हो ती. पण लोकांनी पहिलं अर्धंच कापून फिरवलं. गावात आबाला अंगठेबहाद्दर म्हणायला लागले. तवापासून आबानं, म्हणजे तिच्या वडलांनी, तिच्याशी बोलणं टाकलं. एका घरात राहून दहा महिने झाले.”

विजयसिंह मात्र आपण होऊन भेटला. बड्या जमीनदाराचा पोरगा, पुढच्या निवडणुकीला उभा राहणार म्हणून बोर्ड लागलेले. गायरानावर तार ओढली ती यानंच, आणि ऋतुजानं ते फोनवर दाखवलं तेही याचंच. पांढऱ्या गाडीला टेकून तो मोकळेपणानं बोलला.

“तात्या, मी असले धंदे स्वतः करत नसतो. माझी पोरं करत्यात. तीस पोरं हायत, ज्याला त्याला पाच पाच खाती. त्या पोरीला आमी लई बोललो, नाही म्हणत नाही. राजकारण हाय. पण ते स्पष्टवक्ता आमचं न्हाई.”

“कशावरून?”

“आमची पोरं इतकं सभ्य लिहीत न्हाईत.” तो हसला. “पण माल चांगला होता. जे कोण हाय ते, बोललं की लागायचं. मग आमी त्याच्याखाली लाल बदाम टाकायचो, हजार हजार. म्हणजे ती कमेंट सगळ्यात वर दिसायची. पोरीनं फोन उघडला की पहिली तीच.”

सुंदररावांना त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. पण तो खरं बोलत होता, आणि खरं बोलणाऱ्याला कोणतं कलम लावायचं?

५

दुसऱ्या दिवशी दुपारी छबुबाई पडवीत शेंगा फोडत बसल्या होत्या. सुंदररावांच्या बायकोला वाचता यायचं ते देवाच्या पोथीपुरतं. शेजारी बसून सुंदरराव त्या सत्तावीस ओळी पुटपुटत होते.

“काय चाललंय सकाळपास्नं? मोठ्यानं तरी वाचा.”

“‘तू गाऊन बापाला खाली बघायला लावतेस,’” सुंदररावांनी वाचलं. “पोरगी तर गात नव्हती.”

“गाऊन कशाला? कावून आसंल. तू कावून बापाला खाली बघायला लावतीस. आसं बोलत्यात माणसं.”

सुंदररावांनी ‘गाऊन’भोवती पेन्सिलीनं गोल काढला.

कावून. म्हणजे का. बोलणारा म्हणाला कावून, आणि लिहिणाऱ्यानं लिहिलं गाऊन. हाताची चूक अशी होत नाही. हात चुकला की अक्षर चुकतं, वेलांटी चुकते. इथं अक्षर एकही चुकलं नव्हतं, चुकला होता तो अख्खा शब्द. ही कानाची चूक होती. आणि कान माणसाचा नव्हता. बीडचा माणूस ‘कावून’ ऐकायला चुकत नाही.

फोनवरची माइकची खूण दाबायची आणि बोलायचं, की फोन आपला आपण लिहितो. शुद्ध लिहितो. न्हाईचं नाही करतो, लावतीसचं लावतेस करतो. पूर्णविराम तेवढा देत नाही.

“आता ही ऐक,” त्यांचा आवाज बदलला होता. “‘शहर सोडून फोन धरलास.’”

“शेरडं,” छबुबाई सहज म्हणाल्या. “शेरडं सोडून फोन धरलास. राखोळीच करायची ना ती?”

“आणि ही? ‘पाठ चुकली आता बोलावून येणार नाही.’ पोलीस म्हणतात, पाठ म्हणजे धडा. पण धडा असला तर पाठ चुकला पाहिजे. इथं चुकली आहे. शरीराची पाठ म्हणावी तर ती दुखती, वाकती, चुकत न्हाई.”

छबुबाईंनी नवऱ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. “आवो, पाठ म्हणजे शेरडीची तरणी पोर. अजून न व्यालेली. माझ्या म्हायारी गेवराईकडं वीस शेरडं होती. पाठ कळपातनं चुकली, लांब गेली, की हाक मारून येत न्हाई. पाठीला लई जीव लावत्यात माणसं. माझा बाप मलाच पाठ म्हणायचा.”

बोलता बोलता त्यांनाच काहीतरी जाणवलं आणि त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली.

पोलिसांनी सगळ्यात आधी ऋतुजाच्या घरातल्या माणसांची नावं खोडली होती. लिहिता येणारी तिथं एकटी ऋतुजाच, मग दुसरं कोण लिहिणार, म्हणून.

६

अंबाजोगाईच्या दवाखान्यात ऋतुजा भिंतीकडं तोंड करून पडली होती. रतनबाई पायथ्याशी. तेजश्रीनं रतनबाईला चहाच्या निमित्तानं बाहेर नेलं. सुंदरराव स्टुलावर बसले.

“बाळा, मी पोलीस न्हाई. एकच विचारतो. पाठ म्हणून तुला कोण हाक मारायचं?”

पोरीनं अंगावरची चादर मुठीत धरली.

“तुमाला कसं कळलं?” घसा भाजलेला, आवाज खरखरीत.

“उशिरा कळलं. तुला त्या रात्री वाचल्या वाचल्या कळलं.”

“आबाशिवाय तसं कुणी म्हणत न्हाई. बारकी असल्यापासून.” ती अजून भिंतीशीच बोलत होती. “बाकीचे घाण बोलायचे. घाणीचं काय, धुतली की गेली. पण हा माणूस घाण बोलत नव्हता. त्याचं तेवढं आत जायचं. वाटायचं, कोण आसंल हा, मला इतकं कसं वळखतो. आणि ते पाठ वाचलं. मग मागचं सगळं वर सरकवून परत वाचलं, आबाच्या आवाजात. विहिरीचं बी.”

सुंदररावांनी स्टूल जरा पुढं ओढलं.

“दहा महिने मला वाटलं, आबा माझ्याशी बोलत न्हाई,” ती म्हणाली. “आबा तर रोज बोलत होता.”

“ऋतुजा, सुग्रीव सर आत आहेत. लोकांनी त्यांचं घर जगण्यासारखं ठेवलं न्हाई.”

“सरांना सोडवा.” ती पहिल्यांदा वळली. “पण आबाचं नाव घेऊ नका. लोक त्याला फाडून खातील. मला म्हाईत हाय लोक काय करत्यात.”

दोन्ही गोष्टी एकदम होणार नव्हत्या. ते तिलाही कळत होतं. तिनं परत भिंतीकडं तोंड केलं, आणि निघताना सुंदररावांना ऐकू आलं, “मी घरी जाणार न्हाई.”

७

ऋतुजाचा बाप बंकट डोंगराच्या उतारावर शेरडं चारत होता. उंच, काळाशार गडी, डोक्याला मळकं पागोटं. फौजदारीण बाई चढताना पाहून तो उठून उभा राहिला.

“पोरीला कसं हाय सायेब? माझ्याकडं बघंना ती. गेलतो दवाखान्यात, तर तोंडावर चादर घेतली.”

“बंकटराव, तुमचा फोन दाखवा,” सुंदरराव म्हणाले.

त्यानं बंडीतून फोन काढून दिला. काचेला तडा गेलेला. तेजश्रीनं ते ॲप उघडलं. वरच नाव होतं, स्पष्ठवक्ता.

“हा कुठनं घेतला?”

“बीडला, बोकड इकायला गेलतो तवा, टपरीवर. दिवाळीच्या टायमाला. गावात समदे म्हणायले, पोरीनं बापाला अंगठाछाप म्हणून जगभर नाचवलं. म्हणलं, काय बोलती ती आपणच बघावं. टपरीवाल्या पोरानं दावलं, हिथं दाबलं की पोरगी दिसती, हिथं दाबून बोललं की तिला जातं.”

“तो अंगठ्याचा व्हिडिओ पुरता ऐकला का?”

“न्हाई. तेवढा न्हाई बघितला. जीव झाला न्हाई.”

“मग तुम्ही तिला बोलायचात.”

“बोलायचो. बाप हाय, बोलनार न्हाई?” बंकटच्या आवाजात चोरी नव्हती, तक्रार होती. “तोंडावर बोलायचं बंद केलंतं, म्हणून ह्याच्यात बोलायचो. शेरडं सोडून फोन धरलास म्हणलो, बापाला खाली बघायला लावतीस म्हणलो. ती वाचायची, मी ओट्यावरनं बघायचो. वाचून हसायची आणि फोन उलटा ठेवायची. मग माझं डोस्कं आणखी फिरायचं. येक डाव लईच वंगाळ बोललो, विहिरीचं. तरीबी हसलीच. म्हणलं, हिला बापाच्या बोलण्याची किंमतच न्हाई.”

“तिला ठाऊक होतं का, बोलणारे तुम्ही आहात ते?”

बंकटनं सुंदररावांकडं पाहिलं. त्याला प्रश्नच कळला नव्हता.

“म्हंजी? माझ्या फोनातनं बोलतो, मग माझंच की.”

“फोनमध्ये दुसऱ्याचं नाव होतं, बंकटराव. आधीच्या मालकाचं. तिला दहा महिने वाटत होतं, कुणी परका मागं लागलाय.”

बंकटनं हळूच विचारलं, “मग ती कुणाला हसायची?”

“त्या परक्याला.”

“खाली बदाम यायचे. लई यायचे. मला वाटायचं, मानसांना माझं पटायलंय, बाप बरोबर बोलतोय.” तो मटकन दगडावर बसला. “त्या दिशी मला राग नव्हता वो. दहा महिनं झाले, घर खायला उठलं होतं. म्हणलं, आता बास. पाठ चुकली, आता बोलावून येनार न्हाई. रडू आलंतं बोलताना. वाटलं, येवढं वाचून तरी उठंल, येऊन म्हनंल, आबा, जेवा.”

तेजश्रीनं मान फिरवली. दहा महिन्यांत बापानं काढलेला एवढाच एक मायेचा शब्द होता, आणि नेमका तोच पोरीला लागला होता. हे त्याला सांगावं की नाही, याचा सुंदरराव विचार करत होते. पण बंकट अडाणी असला तरी मूर्ख नव्हता. त्यानं दोन्ही हातांनी पागोटं काढलं आणि त्यात तोंड घातलं.

८

बंकट दुसऱ्या दिवशी आपल्या पायानं ठाण्यात आला. सांगितलं ते सगळं तेजश्रीनं लिहून घेतलं, खाली त्यानं अंगठा दिला. कुठला गुन्हा लावायचा हे वरचे ठरवणार होते, तोवर त्याला घरी सोडलं.

सुग्रीव सर सुटले. त्यांची बायको पोरांना घेऊन माहेरी गेली होती, ती आलीच नाही. त्यांना ज्यांनी ज्यांनी शिव्या दिल्या, त्यातल्या एकानंही आपली ओळ पुसली नाही. माफी दूरच. लोकांना तेवढी सवड नव्हती, कारण संध्याकाळपर्यंत बंकटचा पागोट्यातला फोटो फिरायला लागला होता. विजयसिंहाच्या पोरांनी वर लिहिलं होतं, ‘लेकीला मारणारा बाप’. खाली अकरा हजार कमेंटा. काल जे मास्तरला फासावर द्या म्हणत होते, तेच आज बंकटला झाडाला टांगा म्हणत होते, त्याच शब्दांत, त्याच चुकांसकट. त्यातल्या कितीतरी जणांनी ऋतुजालाही वर्षभर सोडलं नव्हतं. आता ते तिच्यासाठी रडत होते.

ऋतुजाला दवाखान्यातून सोडलं तेव्हा रतनबाई तिला गेवराईला मावशीकडं घेऊन गेली. पोरीनं खातं बंद केलं. बापाला निरोप नाही, शिवी नाही, काही नाही.

पंधरा दिवसांनी बंकट बीडला सुंदररावांच्या दारात उभा राहिला. छबुबाईंनी पाणी दिलं, ते त्यानं घेतलं नाही.

“सायेब, तुमच्याकडं ती कागदं हायती म्हणं. तिच्याखालची. वाचून दावा.”

“कशाला बंकटराव? तुमची बोलणी तुम्हाला ठाऊक आहेत.”

“माझी न्हाई. समदी. तिनं काय काय वाचलं ते मला ऐकायचंय.”

सुंदररावांनी समजावून पाहिलं. गडी हलेना. शेवटी त्यांनी गठ्ठा काढला, छबुबाईंना आत जायला सांगितलं आणि वाचायला सुरुवात केली. वर्तमानपत्रात चौतीस वर्षं मजकूर मोठ्यानं वाचून तपासला होता, पण असलं काही तोंडातून काढलं नव्हतं. बंकट जमिनीवर मांडी घालून, डोळे मिटून ऐकत होता. घाण ऐकताना त्याच्या जबड्याचं हाड हलायचं, तेवढंच.

नवव्या पानावर सुंदररावांनी वाचलं, “‘तुझ्यासारखी पोर जन्मायच्या आधी बाप का नाही मेला.’”

बंकटनं डोळे उघडले. “ही माझी.”

सुंदररावांनी नाव पाहिलं. “न्हाई. ही पुण्याकडच्या कुण्या पोराची आहे.”

“मग तिच्या आधीची? घर बुडवलंस म्हणलेली?”

“तीबी तुमची न्हाई.”

बंकट म्हणाला, “मला म्हाईत होतं मी बाप म्हणून बोललो. ऐकायला सारखंच लागतंय की वो.”

सुंदररावांनी पान मिटलं. “बास करू या.”

“न्हाई,” बंकट म्हणाला. “दर ओळीमागं जरा थांबा. माझी कुठली ते मला सांगू नका. मला वळखू द्या.”

सुंदररावांनी पुढची ओळ वाचली. मग तिच्या पुढची. एकोणिसाव्या पानापर्यंत बंकटच्या आठ कमेंटा येऊन गेल्या. दर ओळीमागं सुंदरराव थांबत होते. आठांतली एकही त्याला ओळखू आली नाही.